अपेक्षित उत्तराचा रकाना

४ फेब्रुवारी, मंगळवार

संपादक, पाठमाला गट यांस,

प्रभूच्या नावे सलाम.

आमच्या मंडळीत रविवारची शाळा आहे. मी तिची अधीक्षक. आमचे पाठ मध्यवर्ती कार्यालयाच्या ‘पाठफलका’वर असतात. पाठफलक म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. शिक्षक ती फोनवर उघडतात, आणि त्या रविवारचा उतारा, चित्र, प्रश्न आणि उत्तरं त्यांच्यासमोर येतात. हे पाठ तीन वर्षांचे आहेत आणि आता तिसऱ्यांदा चालू आहेत. शिक्षिकेने तोंड उघडायच्या आत मुलं पुढचं वाक्य म्हणून मोकळी होतात. पटावर एकेचाळीस नावं होती. आता सतरा येतात, आणि त्यांतल्या चौघांना आईवडील हाताला धरून आणतात म्हणून.

नव्या पाळकांनी बाहेरच्या पाठमाला फलकाला जोडायची परवानगी दिली आहे. मी अकरा पाठमाला तपासल्या. पाचांत चित्रं फार आणि शास्त्र नावाला. तीन वाचताना मलाच डुलकी लागली. दोन मोठ्या माणसांसाठी होत्या. उरली तुमची.

जोडणीची विनंती फलकावरून पाठवली आहे. तुमच्याकडून ती मंजूर झाल्याशिवाय पाठ आमच्याकडे येणार नाहीत. तरी आठवड्याभरात निर्णय कळवावा.

अधीक्षक, रविवारची शाळा

ता. क. सातव्या पाठात उदाहरण म्हणून ‘आमच्या घरी एक मोठी बहीण होती, ती तापाने फणफणलेली असली तरी उठून सगळ्यांच्या चपला रांगेत लावायची’ असं लिहिलं आहे. ते दुरुस्त करावं. ती बहीण अजून आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

जोडणी मंजूर झाली. दोनच शब्द आले, ‘विनंती मंजूर’. खाली गटाचं नाव, माणसाचं नाही. चपलांच्या वाक्याबद्दल अवाक्षर नाही, आणि ते वाक्य जिथल्या तिथे आहे. म्हणजे तूच.

मला आधीच कळलं होतं. पहिल्याच पाठात शिक्षकांना सूचना आहे, ‘खुर्ची वर्गाबाहेर ठेवा. मुलं जमिनीवर बसतात, तर तुम्हीही बसा.’ तुझ्या वर्गाची खुर्ची दर रविवारी मी व्हरांड्यातून उचलून आत ठेवायचे आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा व्हरांड्यात. इतकी हट्टी खुर्ची मी दुसरी पाहिली नाही.

तुमच्या कार्यालयाचा पत्ता पाठमालेच्या शेवटी आहे, तिथे हे पाठवते. फोन नंबरही आहे. पण फोनवर माझा आवाज रागावल्यासारखा येतो असं तू म्हणायचीस. समोरासमोरही तसाच येतो, हे मला दातवालीने सांगितलं.

दातवाली म्हणजे दातांची डॉक्टर. तू गेल्यावर मंडळीत आली. फलकाचं सगळं तांत्रिक ती बघते, कारण बाकीचे शिक्षक बटण दाबायच्या आधी प्रार्थना करतात. शुक्रवारी तिचा दवाखाना बंद असतो, तेव्हा ती आपल्या घरी येते. तुझ्या खोलीत काम चालतं. टेबल खिडकीपासून हलवलं, पडद्यावर उजेड पडतो म्हणून. कपाट हलवलेलं नाही.

मी सुपारीएवढी गोष्ट डोंगराएवढी करत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून सरळ लिहिते. त्या शनिवारी नेहमीसारखी शिक्षकांची बैठक होती. प्रत्येकीने आपला पाठ वाचून दाखवायचा, मी सही करायची, सही नसलेला पाठ वर्गात जायचा नाही, हा नियम सगळ्यांना सारखा होता. तू हरवलेल्या मेंढराचा पाठ वाचलास. शंभरांतलं एक हरवतं, मेंढपाळ रानोमाळ शोधतो आणि खांद्यावर घेऊन घरी येतो. शेवटी सात वर्षांच्या मुलांसाठी तुझा प्रश्न होता, ‘मेंढराला परत यायचं होतं का?’ मी म्हटलं, याचं उत्तर शास्त्रात नाही. तू म्हणालीस, म्हणून तर विचारायचं. मी प्रश्न खोडला आणि सही केली. एवढंच झालं. त्यावरून नऊ वर्षं बोलणं टाकावं असं त्यात काय होतं, मला समजलेलं नाही.

तोच प्रश्न तुझ्या एकतिसाव्या पाठात आहे. मी पाहिला.

ताई

३ मार्च, सोमवार

धाकटे,

काम झालं म्हणून कळवते. जोडणी मंजूर झाली तरी तुझे पाठ फलकावर चढत नव्हते. प्रत्येक पाठापुढे लाल अक्षरांत येत होतं, ‘अपेक्षित उत्तराचा रकाना रिकामा आहे.’ फलकाचा नियम असा की प्रश्नाखाली उत्तर भरलेलं नसेल तर पाठ आत घेतच नाही. आणि तू बावन्न पाठांत एकाही प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नाहीस. तीन-तीन प्रश्न, म्हणजे एकशे छप्पन्न.

दातवाली म्हणाली, पाठमालावाल्यांना विचारू या. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, रकाना रिकामा आहे, भरला की झालं. त्यावर ती म्हणाली, “बाई, दुसऱ्याच्या तोंडात हात घालण्याआधी मी विचारते.” मी तिला म्हटलं, तू तुझे दात बघ.

पाच दिवसांत एकशे छप्पन्न उत्तरं लिहिली. कोणाची मदत घेतली नाही. शास्त्रातले संदर्भ दिले, अध्याय आणि ओवीसकट. तुला माझं अक्षर आवडायचं. इथे अक्षर दिसत नाही, पण मजकूर नेटका आहे. काही प्रश्न चांगले आहेत, हे मान्य करते. योनाने माशाच्या पोटात पहिल्यांदा काय केलं असेल, हा प्रश्न वाचून मी पेन खाली ठेवलं होतं आणि बराच वेळ उचललं नव्हतं. मग ‘प्रार्थना केली’ असं लिहिलं.

एकतिसावा पाठ शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता. काल दुपारी तोही केला. ‘मेंढराला परत यायचं होतं का?’ याखाली लिहिलं, ‘हो. त्याला घरी यायचंच होतं, पण वाट सापडत नव्हती.’

बावन्नच्या बावन्न पाठ चढले. येत्या रविवारपासून मुलांना तुझे पाठ मिळतील. तू इतक्या लांब राहून आपल्या वर्गात येशील. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण शाई वाया घालवायची सवय मला नाही, तेव्हा राहू दे.

ताई

११ मार्च, मंगळवार

धाकटे,

हे बरं नाही केलंस.

रविवारी सकाळी नऊ वाजता शिक्षिकांनी फोन उघडले आणि पाठाच्या जागी पांढरं पान. सहाजणी व्हरांड्यात फोन हलवत उभ्या होत्या. नवे पाळक म्हणाले, मित्रहो, गाणी म्हणू या. ते सगळ्यांना मित्रहो म्हणतात, वय चौतीस. तासभर मुलांनी गाणी म्हटली, आणि ज्यांचे घसे बसले त्यांनी भिंतीचा रंग खरवडला.

घरी येऊन मी फलक उघडला. तुमचा निरोप शनिवारी संध्याकाळीच येऊन पडला होता. ‘आमच्या नावाखाली आम्ही न लिहिलेली उत्तरं छापलेली दिसतात. जोडणी थांबवली आहे.’ इथेही सही गटाची. पण वाक्य तुझं आहे. तू चिडलीस की वाक्यं आखूड होतात.

काल दिवसभर मी तुला उत्तर लिहीत होते. फलकाचा नियम, मुलांचं नुकसान, आगाऊ सूचना न देणं, असे मुद्दे काढले. सहा झाले. सातवा लिहिताना लक्षात आलं की यांतला एकही तुला सांगायचा नाहीये. तो कागद फाडला.

मागे मी लिहिलं, ‘एवढंच झालं.’ एवढंच झालं नव्हतं.

त्या शनिवारच्या सात महिने आधी मी तुला सासरहून घेऊन आले होते. तू बोलावलं नव्हतंस. तुझ्या शेजारीण बाईंचा फोन आला, तिथे भांडणं फार होतात, तुम्ही एकदा येऊन जा. मी त्याच दिवशी गाडी करून निघाले. तुझी बॅग मी भरली, तुझ्या नवऱ्याशी मी बोलले, तू कुठला स्वेटर घालायचा तेही मीच ठरवलं. पाच तासांच्या वाटेत तू खिडकीतून बाहेर बघत होतीस, आणि मी त्याला थकवा समजले. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की आता ती सुखात आहे. तुला विचारलं नव्हतं. मी चांगलं काम केलं होतं, आणि चांगल्या कामाची चौकशी करायची माझी पद्धत नाही.

तू बैठकीत तो प्रश्न वाचलास तेव्हा मला वाटलं की हा मुलांसाठी नाही, मला विचारला आहे, चारचौघींच्या देखत. माझे कान गरम झाले. खोडणं नंतर झालं. त्याआधी मी जे बोलले ते तुला शब्दन्‌शब्द आठवत असेल. मलाही आठवतं, पण आजवर कुठे लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, “ज्याला परत यायचं नव्हतं त्याने कळपात राहून बाकीच्यांना बिघडवू नये. दार उघडं आहे.”

तू वही मिटलीस. मी खालच्या ओळीवर सही केली, कारण सही करायची वेळ झाली होती. गुरुवारी मी कामावरून आले तर तुझी बॅग नव्हती. ती तू स्वतः भरली होतीस.

तुला आणलं ते चुकलं का, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. ‘हो’ आलं असतं तर पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून विचारलं नाही. आणि आता पुन्हा तेच केलं. तू जागा मोकळी ठेवलीस, आणि मी माझं उत्तर तिथे लिहून खाली तुझं नाव राहू दिलं. एकशे छप्पन्न वेळा. पाच दिवसांत. कोणाची मदत न घेता.

ताई

१७ मार्च, सोमवार

धाकटे,

काल छोट्यांची शिक्षिका आजारी होती आणि फलक रिकामाच होता, म्हणून तो वर्ग मी घेतला. अधीक्षक आत येताना दिसली तशी नऊ मुलं एका झटक्यात ताठ बसली. मला ते पूर्वी आवडायचं.

खुर्ची बाहेर ठेवली. गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. त्यावरून उठताना दोघांना ओढावं लागलं; पण ती पुढची गोष्ट. मी मेंढराची गोष्ट सांगितली. मुलांना ती पाठ होती. खांद्यावर घेतलं इथपर्यंत त्यांनीच मला सांगितली. मग मी विचारलं, “मेंढराला परत यायचं होतं का?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. उत्तर तिथे लिहिलेलं असतं अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मीच करून दिलेली आहे. शेवटी एका मुलाने ‘हो’ म्हटलं, माझा अंदाज घेत घेत. मी ‘बरोबर’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, मला माहीत नाही, म्हणून विचारते आहे.

असं मी म्हणताच दोघीतिघी खुदकन हसल्या. मग मात्र कोणाला आवरता आलं नाही. एक म्हणाला, त्याला तिकडचं गवत आवडलं होतं. दुसरा म्हणाला, त्याला यायचं होतं पण खांद्यावरून नाही, स्वतःच्या पायांनी, कारण खांद्यावर पोट दुखतं. त्याचे वडील त्याला तसं उचलतात म्हणे. एका जाड चष्म्याच्या मुलीने ऐकून घेतलं सगळ्यांचं. नंतर विचारलं, “घरी आणल्यावर मेंढपाळ त्याला ओरडला का?”

शास्त्रात आहे, त्याने शेजारीपाजारी गोळा केले आणि आनंद केला. मला अध्याय आणि ओवी तोंडपाठ आहे.

मी म्हटलं, “ओरडला. लगेच नाही. सात महिन्यांनी.”

“मग ते परत गेलं?”

“गेलं.”

“मग तो परत शोधायला गेला?”

“नाही गेला.”

“का?”

मी सांगितलं की त्याला वाटत होतं, चूक मेंढराची आहे. चष्मेवालीने थोडा विचार केला आणि म्हणाली, मग त्याने आधी सॉरी म्हणायचं, आणि मग विचारायचं येतोस का, आणि नाही म्हणालं तर ओढायचं नाही. इतर मुलांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीने हा विषय संपला होता. मग त्यांनी मला बाकावरून ओढून काढलं.

संध्याकाळी मी दातवालीला बोलावलं आणि दोघींनी मिळून एकशे छप्पन्न उत्तरं पुसली. लिहायला पाच दिवस लागले होते, पुसायला चाळीस मिनिटं. रकाना रिकामा ठेवला तर फलक पाठ घेत नाही हे अडचणीचं होतंच. तिने पाळकांकडून परवानगी घेऊन आमच्या मंडळीपुरते फलकाचे नियम उघडले. तिथे प्रत्येक रकान्यापुढे ‘सक्तीचा’ अशी खूण करायची जागा आहे, आणि कोणाच्या शिफारशीने ती केली तेही नोंदवलेलं असतं. सहा वर्षांपूर्वी फलक सुरू झाला तेव्हा कार्यालयाने सगळ्या अधीक्षकांची मतं मागवली होती. ‘अपेक्षित उत्तर’ सक्तीचं करावं अशी शिफारस एकटीनेच केली होती. दातवालीने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, “बाई, ही मुळं खोलवर आहेत.” मी ती खूण स्वतः काढली.

तू जोडणी पुन्हा द्यावीस म्हणून मी हे लिहीत नाही. द्यायची का नाही ते तू ठरव.

तुला तुझ्या घरातून न विचारता आणलं, आणि नंतर आपल्या घरातून बोलून घालवलं. दोन्ही माझ्या हातून झालं. त्याबद्दल मला क्षमा कर. हे मी प्रार्थनेत नऊ वर्षं म्हणते आहे, पण जिला म्हणायचं तिला म्हटलं नव्हतं.

आता विचारते. मला भेटशील का? तुझ्या गावी, माझ्या गावी, नाहीतर मधल्या एखाद्या स्टेशनवर, जिथे तुला निघून जायला सोपं पडेल तिथे. नाही म्हणालीस तर मी गाडी करून येणार नाही.

तुझी ताई

२ एप्रिल, बुधवार

धाकटे,

तुझं पत्र आलेलं नाही. रोज टपालाच्या वेळेला मी दाराजवळचं काहीतरी काम काढते. दाराची बिजागरी तीनदा तेल पिऊन बसली आहे. पोस्टमन म्हणाला, बाई, तुमचं दार आता वाजतच नाही, मला हाक मारावी लागते.

पण सोमवारी फलकावर निरोप आला, ‘जोडणी पुन्हा सुरू. परवानगी: फक्त वाचण्यासाठी.’ दातवालीने समजावून सांगितलं की आता तुझे पाठ आमच्याकडे दिसतील, मुलांपर्यंत जातील, पण इथून कोणालाही त्यांत अक्षर घालता येणार नाही की पुसता येणार नाही. तिला वाटलं मला राग येईल. मी म्हटलं, योग्य आहे. मी खाली ‘मान्य’ दाबलं.

छोट्यांचा वर्ग आता मी घेते. शिक्षिका बरी झाली आहे, पण तिला मोठा वर्ग हवा होता. मागच्या रविवारी अकरा मुलं होती. दोन नवी कुठून आली माहीत नाही. योना माशाच्या पोटात गेल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, यावर पाऊण तास गेला. त्याला आधी रडू आलं असेल, यावर बहुमत झालं.

तू माझ्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाहीस, आणि तो रकाना मी भरणार नाही. कधी कधी पेन हातात येतं. मनात ‘ती येणार’ असं सुरू होतं, मग ‘ती येणार नाही’. दोन्ही माझीच उत्तरं आहेत. मी पेन ठेवून देते.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी, नाहीतर चोरून बघितल्यासारखं होईल. फक्त वाचण्याची परवानगी असली की प्रत्येक पाठाखाली बारीक अक्षरांत एक ओळ दिसते, त्या पाठात शेवटचा बदल कधी झाला त्याची. आधी ती दिसत नव्हती. आज सकाळी मी फलक उघडला तर त्रेपन्नावा पाठ आलेला होता, नवा. खाली लिहिलं होतं, ‘शेवटचा बदल: आज, ६:४०’. घड्याळात सहा पन्नास झाले होते. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी तू उठलेली होतीस, बसलेली होतीस, बरी होतीस. नऊ वर्षांत मला तुझ्याबद्दल इतकी ताजी बातमी मिळालेली नाही.

मी पाठ वाचला. मग पुन्हा वाचला. सात वाजून पाच मिनिटांनी पान आपोआप हललं आणि वेळ बदलली. तू शेवटची एक ओळ काढून टाकलीस. मला ती आठवते आहे, चांगली होती, का काढलीस कळलं नाही. विचारत नाही. तू आणखी काही बदलशील म्हणून मी तशीच बसून राहिले. कामाला जायला उशीर झाला, आयुष्यात पहिल्यांदा.

तुझी ताई